कागद आणि घर : नाशिक रोडहून पाहिलेला एक पॅलेस्टिनी चित्रपट

नाशिक रोडला 'प्रेस' म्हटले की वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या मनात येत नाही. १९२५ साली येथे सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले; त्यापूर्वी लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटे पुढे येथे छापली जाऊ लागली. आज भारतीय पासपोर्टही येथेच छापला जातो. माणूस कुठला, हे सांगणारा कागद आमच्या शेजारी तयार होतो, आणि म्हणूनच बहुधा त्याकडे आमचे लक्ष जात नाही. ते वेधले अ‍ॅनमारी जासिर यांच्या 'सॉल्ट ऑफ धिस सी' (२००८) या पॅलेस्टिनी चित्रपटाने.

योगायोग असा की, १९२५ च्याच १ ऑगस्टला ब्रिटिश अंमलाखालील पॅलेस्टाइनचा नागरिकत्वविषयक हुकूम लागू झाला आणि 'पॅलेस्टिनी नागरिक' ही कायदेशीर ओळख अस्तित्वात आली. तिचे आयुष्य तेवीस वर्षांचेही ठरले नाही. मे १९४८ मध्ये ब्रिटिश अंमल संपला, लक्षावधी माणसे निर्वासित झाली आणि त्यांच्या हातातील पासपोर्टमागचे राज्यच नाहीसे झाले. इस्रायलने निघून गेलेल्या अरबांची बँकखाती गोठवली. १९५० च्या कायद्याने त्यांची घरे-जमिनी 'अनुपस्थितांची मालमत्ता' ठरली. त्याच वर्षी आपल्याकडेही निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचा कायदा झाला, हे फाळणीचे साहित्य शिकवताना आपण सहसा सांगत नाही.

चित्रपटाची नायिका सुराया (सुहैर हम्माद) ब्रुकलिनमध्ये वाढलेली आहे. जाफा येथील आजोबांच्या गोठवलेल्या खात्यातील पैसे मागण्यासाठी ती येते. विमानतळावर अमेरिकन पासपोर्ट हातात असूनही तिला बाप कुठला, आजोबा कुठला, असे पुन्हा पुन्हा विचारले जाते. रामल्लात तिला इमाद (सालेह बक्री) भेटतो. त्याला कॅनडात शिकायला जायचे आहे, पण बाहेर पडण्याची परवानगी मिळत नाही. जिला राहायचे आहे ती प्रवासी ठरते आणि ज्याला जायचे आहे तो अडकून पडतो. हा विरोधाभास कुणाच्या स्वभावातून आलेला नाही. तो कागदांतून आला आहे.

बँकेत नकार मिळाल्यावर दरोडा घातला जातो. हा भाग आम्हांला काहीसा सोपा वाटला. पण पुढे जाफातील आजोबांच्या घरात सुराया उभी राहते, तो प्रसंग मात्र मनातून जात नाही. तेथे राहणारी इस्रायली स्त्री सौजन्याने वागते, पाहुणचार करते. सुरायाला पाहुणचार नको असतो. हे घर बळकावलेले आहे, एवढी कबुली तिला हवी असते. सौजन्य तिथे संपते. स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून स्वागत होण्यातील अपमान या प्रसंगाइतका नेमका आम्ही क्वचितच पाहिला आहे.

'माणसाचे नाते मातीशी असते, कागदाशी नव्हे', असे वाक्य आपल्या समीक्षेत सहज लिहिले जाते. ते आम्हीही लिहिले आहे. हा चित्रपट पाहिल्यावर वाटते की, ज्याच्या कपाटात पासपोर्ट आहे त्यालाच ते लिहिणे परवडते. कागद नाते निर्माण करत नाही हे खरे. पण कागद नसेल तर त्या नात्याला उंबरठाही ओलांडता येत नाही.

२९ नोव्हेंबर १९८१ रोजी, पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीच्या दिवशी, भारताने १ रुपयाचे टपाल तिकीट काढले होते. पॅलेस्टाइन राज्याला भारताची मान्यता मिळाली ती १९८८ साली. म्हणजे राज्याच्या सात वर्षे आधी त्या जनतेला आपल्या टपालावर जागा मिळाली. एवढ्याशा कागदाने कुणाचे घर परत मिळत नाही. तरीही सुराया त्या घरात जी कबुली मागत होती, तिचा एक लहानसा अंश त्यात होता, असे आम्हांला वाटते.