कशेडीचा चढ आणि डेल्को

जुनी पद्मिनी महाडपर्यंत गुमान यायची; पोलादपूर सोडून कशेडी घाट लागला की 'मिसिंग' सुरू! मग लोक कार्बोरेटर खोलत, प्लग बदलत. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कंडेन्सर तिथेच उघडा पडतो, तोही तापल्यावर. गार गाडीत मिस्त्रीला काय सापडणार? पॉइंट वारंवार जळत असतील तर ते घासत बसण्यापेक्षा कंडेन्सर बदलावा.

गंमत म्हणजे आपले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. हे अमेरिकेतल्या डेटनच्या कंपनीचं नाव, चार्ल्स केटरिंगनं १९०९ मध्ये काढलेल्या. त्याचं बॅटरी इग्निशन १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आलं, आणि तीच पद्धत कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीतही होती. पावसाळ्यात मात्र आधी डेल्कोची टोपी आतून पुसायची. महाडचा पाऊस तिथेही शिरतो!