घरचा कज्जा आणि मध्यस्थाची पात्रता

नवराबायकोचा कज्जा तोडावयास बसणाऱ्या मनुष्यास काय येत असलें पाहिजे, हा प्रश्न आज पदव्यांच्या भाषेंत विचारला जातो. महाराष्ट्रांतील कौटुंबिक न्यायालयांत विवाह-समुपदेशकाच्या जागेसाठीं समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व कुटुंब-समुपदेशनाचा अनुभव मागण्यांत येतो. ही अट नवी आहे. प्रश्न मात्र जुना आहे. गेल्या दोन-अडीचशें वर्षांत आपल्या प्रांतानें त्यास तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. प्रत्येक उत्तरानें कांहीं मिळविलें व कांहीं गमाविलें, असें आमचें मत आहे. सोलापूर डोळ्यांपुढें ठेवून तीं उत्तरें येथें क्रमानें मांडावयाचीं आहेत.

पहिलें उत्तर मानाचें. जुन्या महजरांखालच्या निशाण्या आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, कुंभाराचें चाक. ज्यास लिहितां येत नव्हतें, त्यानें आपल्या धंद्याचें साधन रेखून साक्ष घातली. म्हणजे न्यायास बसण्याला अक्षरओळख ही अट नव्हती, हें त्या निशाण्याच सांगतात. गोतसभेचें मुख्य काम वतनाच्या तंट्यांचें खरें. परंतु ज्ञातीच्या पंचांची बैठकही याच वळणाची होती, आणि लग्न, पाट, काडीमोड, सोडचिठ्ठी हे विषय तिच्यापुढें येत. पंचाची पात्रता वयाची, घराण्याच्या मानाची व ज्ञातीच्या चालीच्या आठवणीची होती. शिवाय भांडणारीं दोन्ही घरें त्याच्या नित्य परिचयाचीं असत. प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला म्हणजे क्षेत्रस्थ ब्रह्मवृंदाकडे जावें लागे. सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर हें तसें एक क्षेत्र होय. सरकारचा हात येथें अगदींच नव्हता असें नाहीं. पाटाबद्दल पाटदाम व बदअंमलाबद्दल गुन्हेगारी घेतली जात असे, हें पेशवाईच्या दप्तरावरून दिसतें.

या व्यवस्थेचा गौरव करितांना तिचें वैगुण्य झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. पंचांत बायका बसत नसत. पंचाच्या उपदेशामागें वाळीत टाकण्याचें भय उभें असे. आणि ज्या सल्ल्यामागें असें भय आहे, तो सल्ला राहत नाहीं, हुकूम होतो.

इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला आणि नव्या अमलाची सुरुवात झाली. तो अमल पहिल्या प्रथम पंचांच्या वाटेस गेला नाहीं. एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रेरणेनें आर्थर स्टील यांनीं दख्खनेंतील ज्ञातींच्या चालींची चौकशी करून तिचें सार १८२७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षींच्या मुंबईच्या दुसऱ्या रेग्युलेशनानें ज्ञातीच्या प्रश्नांत कोर्टानें हात घालूं नये असें ठरविलें. पंच आपल्या जागीं राहिले.

कोर्टांत मात्र दुसरें उत्तर पुढें आलें, तें शास्त्राचें. हिंदु धर्मशास्त्राचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे कोर्टाचा शास्त्री व्यवस्था देई. त्याची पात्रता अध्ययनाची होती: मिताक्षरा, व्यवहारमयूख व त्यांवरील परंपरा. पुण्यास विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं सरकारनें संस्कृत पाठशाळा काढली, आणि या अध्ययनास सरकारी आश्रय मिळाला. मुंबई इलाख्यांतील शास्त्र्यांचीं उत्तरें निवडून वेस्ट व ब्यूलर यांनीं आपला हिंदु कायद्याचा संग्रह १८६७ पासून छापला. तो चाळतांना एक गोष्ट मनांत भरते. प्रश्न कागदावर येई, उत्तर कागदावरच जाई. शास्त्र्यापुढें वचनें होतीं. तीं नवराबायको नव्हतीं. पंचास माणसें ठाऊक होतीं व ग्रंथ ठाऊक नव्हता, शास्त्र्यास ग्रंथ ठाऊक होता व माणसें ठाऊक नव्हतीं, इतकाच दोघांतील भेद.

पुढें दोघेही बाजूस सरले. १८६४ च्या अकराव्या आक्टानें कोर्टांतील पंडितांच्या व काझींच्या जागा रद्द झाल्या. १८७६ सालीं संभु रघु याच्यावरील खटल्यांत मुंबई हायकोर्टानें ज्ञातीस लग्न मोडण्याचा अथवा नवरा हयात असतां बायकोस दुसरें लग्न करण्याची मोकळीक देण्याचा अधिकार नाहीं, असा निर्णय दिला. उरले न्यायाधीश व वकील. कायदा त्यांस येत होता, पण मोडतें घर सांवरणें हें त्यांचें काम नव्हतें. दादाजी विरुद्ध रखमाबाई हा १८८४ सालीं सुरू झालेला खटला याचें ठळक उदाहरण होय. स्त्रीस नवऱ्याकडे पाठवितां येतें कीं नाहीं, न गेल्यास तुरुंगांत घालतां येतें कीं नाहीं, यावर चार वर्षें वाद चालला. अखेर १८८८ सालीं पैसे घेऊन दादाजीनें हक्क सोडला. पारशी समाजानें मात्र १८६५ च्या आपल्या विवाहविषयक कायद्यांत न्यायाधीशाच्या जोडीस ज्ञातींतील प्रतिनिधि बसविले. मानाच्या जुन्या उत्तराचीच ती कायद्यानें राखलेली शाखा होती.

तिसरें उत्तर शिक्षणाचें. मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, आणि दुसऱ्याच्या संसारांतील अडचण ऐकून घेणें ही शिकण्याजोगी विद्या आहे, ही कल्पना आपल्याकडे रुजूं लागली. अमेरिकेंत विवाह-सल्लागारांची संघटना १९४२ सालीं झाली, व कॅलिफोर्निया संस्थानानें १९६३ सालीं त्यांस परवान्याची अट घातली. आपल्याकडे वाट निराळी पडली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें समेटाचा प्रयत्न करण्याचें कर्तव्य न्यायाधीशावर टाकलें. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यानें त्यास समुपदेशक जोडून दिला, आणि न्यायाधीश निवडतांना स्त्रियांस अग्रहक्क द्यावा असेंही सांगितलें. ज्या बैठकींत बाईस जागा नव्हती, तींत तिला आतां प्रथम जागा मिळाली. तथापि विवाह-समुपदेशक या नांवानें स्वतंत्र परवाना देणारा कायदा आपल्याकडे अद्याप नाहीं. कोर्टांतील समुपदेशकास पदवी लागते. बाहेर पाटी लावणाऱ्यास तसें बंधन नाहीं.

आतां सोलापूर. येथें कौटुंबिक न्यायालय आहे, आणि वालचंद महाविद्यालयांत समाजकार्याचें पदव्युत्तर शिक्षणही मिळतें. म्हणजे तिसऱ्या उत्तराची सामग्री गांवांतच आहे. पण हें गांव एका भाषेचें नाहीं. मागावर बसणाऱ्या पद्मशाली घरांत तेलुगु, लिंगायत घरांत बहुधा कानडी, पेठेंत मराठी व उर्दू, अशी येथली रीत. माणूस रागावतो व रडतो तो आपल्या घरच्या भाषेंत. पंचास ती भाषा जन्मानें येत असे, म्हणून ती अट कोणीं लिहून ठेविली नाहीं. आज पदवीच्या अटीशेजारीं ती लिहिणें अवश्य झालें आहे, असें आम्हांस वाटतें.

तिन्ही उत्तरांत तिसरें उत्तम, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. पदवी जन्मावर अवलंबून नाहीं, समुपदेशकाच्या हातीं बहिष्काराचें हत्यार नाहीं, आणि त्याच्यापुढें झालेलें बोलणें गुप्त राहतें. त्याविषयीं त्यास साक्षीसही बोलावितां येत नाहीं. या शेवटच्या नियमाचा परिणाम मात्र इतिहाससंशोधकांनीं ध्यानांत घ्यावा. आजच्या संसारांतील दुःखें उद्याच्या दप्तरांत सांपडणार नाहींत, आणि तें योग्यच आहे. म्हणून घरगुती कज्ज्यांत आपला समाज कसा बोलत होता, हें सांगणारे जुने कागद अधिकच मोलाचे ठरतात.

ते कागद म्हणजे ज्ञातीच्या पंचांच्या वह्या, सोडचिठ्ठ्या, फारखती व गोतपतें. वतनी कागदांइतकी किंमत त्यांस संग्राहकांनीं कधीं दिली नाहीं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ सालचा आहे. त्याच्या भयानें किंवा लाजेनें कोणीं घरच्या जुन्या वह्या जाळूं नयेत. कायद्यानें बहिष्कार घालणें हा गुन्हा ठरविला आहे, पूर्वजांची वही जपून ठेवणें हा नव्हे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर येथील ज्यांच्या घरीं असें दप्तर असेल, त्यांनीं त्याची नक्कल करूं द्यावी. तेलुगु व कानडी कागदांसाठीं त्या भाषांचा जाणकार जोडीस घ्यावा. ज्यांचे वंशज हयात आहेत, अशा लोकांचीं नांवें छापतांना गाळावीं. पंचांच्या जुन्या बैठकीस जें कधीं साधलें नाहीं, तें घरच्या अब्रूचें रक्षण निदान संशोधकांच्या हातून व्हावें.