घाट उतरलेलं फळ

माझ्या लहानपणी वाईत स्ट्रॉबेरी यायची ती पसरणीचा घाट उतरून, आणि येताना निम्मी दमलेली असायची. टणक, देखणं फळ महाबळेश्वर-पाचगणीतच पाहुण्यांना विकलं जाई, नाहीतर मुंबईच्या गाडीत चढे. मऊ पडलेलं, चेपलेलं, देठाशी पाणी सुटलेलं, ते खाली आमच्या दारात. टोपलीत गवत, वर ओलं फडकं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा इतिहास सांगणारे महाबळेश्वर वसवणाऱ्या मॅल्कमसाहेबापासून सुरू करतात आणि २०१० साली मिळालेल्या जीआय मानांकनापाशी येऊन थांबतात. स्वयंपाकघर त्यात कुठे येतच नाही. माझं म्हणणं असं, की मराठी घरात हे फळ शिरलं ते या दमलेल्या टोपलीतून, आणि आपण त्याचं जे काही केलं ते बहुतेक सगळं ‘आता रात्रीत नासेल’ या धाकापोटी केलं.

फळ तसं वयानं लहान. आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात तयार झाली. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनिअर स्पॅनिश किल्ल्यांची हेरगिरी करायला चिलीत गेला होता. किल्ल्यांच्या नकाशांबरोबर त्याने तिथल्या टपोऱ्या स्ट्रॉबेरीची रोपंही उचलली आणि १७१४ साली फ्रान्सला आणली. जहाजावर प्यायच्या पाण्याचीच मारामार, तरी पाच रोपं जगली. (इकडे आदल्याच वर्षी शाहूमहाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली होती. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला सनावळ्या अशाच लक्षात राहतात.) रोपं जगली, फुलली, पण फळ धरेना, कारण सगळी मादी झाडं. पुढे ब्रिटनी प्रांतात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली बारीक फळाची, वासाची स्ट्रॉबेरी लावली गेली आणि दोघींचा संकर झाला. १७६६ मध्ये द्युशेन नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने तो ओळखून लिहून ठेवला. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव होते.

म्हणजे मॅल्कम १८२८ साली महाबळेश्वरच्या डोंगरावर पेठ वसवायला निघाला तेव्हा हे फळ त्याच्या देशातही फार जुनं नव्हतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून त्याने डोंगर घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. पुढे इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात चिनी कैदी आणून ठेवले. त्यांच्याकडून रस्ते करून घेतले आणि साहेबाच्या ताटातल्या भाज्यांचे मळेही. स्ट्रॉबेरीचं जुनं वाण इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून आणलं असं वर सांगतात. लाल माती, थंड हवा, निचरा होणारा उतार. पावसाळा संपला की रोप लावायचं आणि उन्हाळ्यापर्यंत तोडायचं. १८६० नंतर चेसनसाहेबाने पाचगणी उभी केली. तिथे निवासी शाळा आल्या, पारशांचे बंगले आले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बिलिमोरियांचं क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम आलं. शाळकरी मुलं, पेन्शनर साहेब, अशक्त रोगी: सगळ्यांच्या न्याहारीला पाव, लोणी आणि वर लावायला काहीतरी गोड. जॅम या डोंगरावर रुजला तो असा. बंगल्यात भांडी घासणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या बायका आसपासच्या गावांतल्याच होत्या. त्यांनी पाहिलं ते खाली आलं, असा माझा अंदाज आहे; आमच्याकडे स्ट्रॉबेरी शिजवायचं शिकवलं ते पाचगणीच्या एका बंगल्यात काम केलेल्या बाईंनीच.

शिकवलं म्हणजे काय, तर आमच्या आजीचा हट्ट मोडला. आजीला मोरांबा येत होता, साखरांबा येत होता. तिच्या हिशेबाने आधी एकतारी पाक, मग फळ. कैरीला ते बरोबर आहे. कैरी घट्ट असते आणि तिच्यात पेक्टिन भरपूर. स्ट्रॉबेरीत दहा भागांतले नऊ भाग पाणी आणि पेक्टिन बेताचं. पाकात टाकल्याबरोबर ती आपलं पाणी सोडते, पाक पातळ होतो, तो पुन्हा घट्ट करेपर्यंत फळाचा चोथा आणि रंग विटकरी. बाईंची रीत उलटी होती. पाणी थेंबभर नाही. फळ धुऊन, मगच देठ काढायचे (आधी काढले तर भोकातून पाणी आत जातं), साखर पेरायची आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी फळ स्वतःच्याच रसात तरंगत असतं. मोठ्या आचेवर, पसरट भांड्यात, थोडं थोडं करून आटवायचं आणि शेवटी लिंबू पिळायचं. किलोला पाऊण किलो साखर. आजीने लिंबाऐवजी आमसूल सुचवलं होतं; ते मात्र कुणी ऐकलं नाही.

भांड्याचीही भानगड होती. घरात पितळेची पातेली. कल्हई ताजी असेल तर ठीक, उडालेली असेल तर आंबट फळ कळकतं. त्यामुळे कल्हईवाला येऊन गेल्याशिवाय आमच्याकडे स्ट्रॉबेरी चुलीवर चढत नसे. टोपली आली आणि कल्हईवाला आला नाही, तर शेजारच्यांचं ॲल्युमिनियमचं पातेलं मागून आणायचं, त्याने चव थोडी बिघडायची आणि वर शेजारच्यांना वाटीभर जॅम द्यावा लागायचा. स्टेनलेस स्टील आल्यावर हा सगळा व्यवहार बंद पडला. बरण्या काचेच्या हव्यात. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना होता, तरी आमच्या जिल्ह्यातल्या घरांतून काचेची झाकणाची बरणी म्हणजे जपून ठेवायची वस्तू. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या उकळून वापरायच्या.

खरी अडचण साखरेची. भुईंजला साखर कारखाना झाला, वाईहून हाकेच्या अंतरावर. पण घरात साखर यायची ती रेशन कार्डावर, माणशी मोजून. डोंगरावर फळ, पायथ्याला साखर आणि मधल्या गावात दोन्ही बेताचं. आई हंगामाच्या आधीपासूनच चहातली साखर कमी करायची. गुळात केलेला जॅम मी खाल्लेला आहे. चव वाईट नसते, पण रंग चिंचेच्या कोळाचा होतो आणि मुलं तोंड लावत नाहीत.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा जॅमचा एक जुना घोळ उलगडला. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की १०५ अंश सेल्सिअसला जॅम तयार. समुद्रसपाटीला ते खरं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे; तिथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, आणि जॅमला त्याच्यावर चार-पाच अंश लागतात. म्हणजे वर शंभराला जॅम उतरवायचा. थर्मामीटर लावून १०५ ची वाट बघत बसणाऱ्याच्या पातेल्यात चिक्की होणार. बाईंना अंश-बिंश माहीत नव्हते. त्या थंड बशीवर थेंब टाकायच्या आणि बोटाने सरकवायच्या. सुरकुती पडली की झालं. ही परीक्षा वाईतही चालते, मुंबईतही चालते.

१९५९ साली पाचगणीत किशोर व्होरा यांनी मॅप्रो हा फळप्रक्रियेचा कारखाना सुरू केला. मग आणखी कारखाने आले आणि मऊ फळाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. आमच्या टोपल्या मात्र कमी झाल्या. बाजारच्या जॅमबद्दल एवढंच सांगते, की १९५५ च्या सरकारी फळप्रक्रिया आदेशात जॅममध्ये ४५ टक्के फळ असावं असा नियम होता, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला सूट होती: २५ टक्के पुरे. घरच्या बरणीत याच्या दुपटीहून जास्त फळ असतं. घरचा जॅम पातळ का, असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी हा आकडा ऐकवते.

नव्वदीच्या दशकात फळच बदललं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं चँडलर, फ्लोरिडाचं स्वीट चार्ली, मागाहून विंटर डॉन. परदेशातून मातृरोपं येऊ लागली. वर पाऊस फार म्हणून खालच्या अंगाला रोपवाटिका झाल्या, आणि सप्टेंबरात रोपं गादीवाफ्यावर चढू लागली. काळा मल्चिंग पेपर, ठिबक, प्लास्टिकच्या पारदर्शक डब्या. देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी आता या पट्ट्यात होते असं सांगतात. फळ मोठं, टणक, आठवडाभर फ्रिजमध्ये तग धरणारं. डबी नागपूरला पोचते. मुंबई-पुण्यातल्या घरांनी ताजी स्ट्रॉबेरी स्वयंपाकात वापरायला सुरुवात केली ती खरी तेव्हापासून. त्याआधी त्यांच्यापुरती स्ट्रॉबेरी म्हणजे बाटलीतला लाल क्रश, किंवा सहलीत खाल्लेला क्रीमचा ग्लास.

या नव्या फळाची माझी थोडी तक्रार आहे. डिसेंबरातलं फळ बाहेरून लाल आणि आतून पांढरं निघतं, वास नावाला. पण टणकपणाचा फायदाही आहे, तो घ्यावा. लोक ते दुधात टाकतात आणि दूध फाटलं म्हणून बोंब मारतात. आंबट फळ आहे, फाटणारच. आमची आजी फळ-दूध विरुद्ध म्हणायची, त्यात एवढं तथ्य होतं. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी, म्हणून ते निभावतं. चक्का तर मुळात विरजलेलाच, म्हणून श्रीखंडाला स्ट्रॉबेरी उत्तम. फक्त फळ आधी साखरेत ठेवून सुटलेला रस वेगळा आटवून घ्यावा, नाहीतर श्रीखंडाची कढी होते. उपासाला स्ट्रॉबेरी चालते का, असं मला अजून विचारतात. बटाटा, दाणे आणि साबुदाणा चालवून घेतलेल्या लोकांनी हा प्रश्न विचारू नये.

टणक, अर्धवट पिकल्या फळाचं सगळ्यात चांगलं मी काय करते, तर मेथांबा. कैरीचा करतात तसाच. तेलात मोहरी, हिंग, मेथीचे दाणे तांबूस होईपर्यंत, मग हळद, लाल तिखट, त्यावर स्ट्रॉबेरीच्या जाड फोडी, मीठ आणि फळाच्या निम्मा गूळ. पाणी नाही. चार-पाच मिनिटांत उतरवायचं, फोड मोडता कामा नये. जॅमला जो गुळाचा रंग अपशकुनी, तो इथे शोभतो. जुन्या मऊ फळाचा हा पदार्थ झालाच नसता, फोडणीतच विरघळला असता. फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस राहतो, पण आमच्याकडे तेवढा उरत नाही. सुनेचं म्हणणं, मेथी निम्मी करा. मुलाचं म्हणणं, तिखट वाढवा. मी या दोघांचंही ऐकत नाही.