गांवची बाग आणि सरकारची थैली



बागांचा इतिहास म्हटला कीं राजेरजवाडे डोळ्यांपुढें उभे राहतात. आमच्या खानदेशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर. तेथें तापीच्या पैलतीरीं जैनाबादेस मोगलांची बाग होती. आहूखान्यांत शिकारीसाठीं हरणें राखलेलीं असत. १६३१ सालीं मुमताजमहल बऱ्हाणपुरास निवर्तली, तेव्हां तिचा देह प्रथम जैनाबादच्या बागेंतच पुरण्यांत आला. आग्र्यास तो मागाहून गेला. त्या बागेस खर्च किती लागला, माळ्यांचा रोजमुरा कोणत्या खात्यावर पडे, हें विचारण्याचें रयतेस कारणच नव्हतें. ज्याची तिजोरी त्याचीच बाग होती. बाग लोकांची झाली तेव्हांपासून मात्र हा प्रश्न निघाला, आणि अद्यापि तो पुरता सुटलेला नाहीं. आज मी त्या हिशेबाविषयींच बोलणार आहें, आणि तेंही अमळनेरसारख्या मध्यम गांवाच्या दृष्टीनें.

सरकारनें लोकांच्या फिरण्याखेळण्यासाठीं पैसा द्यावा ही कल्पना फार जुनी नव्हे. ती विलायतेंत, गिरण्यांच्या धुरांतून जन्मास आली. खेडीं ओस पडून मँचेस्टरसारखीं शहरें फुगलीं, गांवालगतचीं मोकळीं कुरणें घरांखालीं गेलीं, आणि रविवारच्या सुटीस मजुराला गुत्त्यावांचून दुसरी जागा उरली नाहीं. १८३३ सालीं पार्लमेंटच्या एका समितीनें लोकांस पायीं फिरावयास कोठें जागा आहे याची चौकशी केली, आणि १८४१ च्या सुमारास लंडनबाहेरच्या शहरांतील उद्यानांसाठीं दहा हजार पौंडांची रक्कम मंजूर झाली. एवढ्या मोठ्या देशास ही रक्कम म्हणजे समुद्रांत मूठभर सातूच. पण तिचा परिणाम पाहण्यासारखा आहे. २२ ऑगस्ट १८४६ या एकाच दिवशीं मँचेस्टर आणि शेजारचें सॅलफर्ड मिळून तीन उद्यानें लोकांस खुलीं झालीं. त्यांत सरकारी मदत तीन हजार पौंडांची होती आणि मुख्य भार लोकवर्गणीनें उचलला होता. पुढच्याच वर्षीं बर्कनहेडच्या नगरसंस्थेनें कर्ज काढून स्वतःचें उद्यान उघडलें व भोंवतालचे घरबांधणीचे तुकडे विकून खर्चाची भरपाई करण्याची सोय केली. ही शेवटची युक्ति मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बागेमुळें ज्या जमिनीची किंमत वाढली तिनेंच बागेचा खर्च सोसावा, यांत न्यायही आहे आणि व्यवहारही.

आपल्याकडे हें वारें मुंबईच्या मार्गानें आलें. कृषि व उद्यानविद्येसाठीं तेथें एक मंडळी स्थापन झालेली होती. शिवडीस तिची बाग होती. ती जागा पुढें दफनभूमीसाठीं घेतली गेली! भायखळ्यास मंडळीला नवी जमीन मिळाली आणि १८६२ सालीं जी बाग उघडली तीच आपली राणीची बाग, आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बाग उभी करण्याचा उत्साह मंडळीपाशीं होता, तो वर्षानुवर्षें पुरला नाहीं; १८७३ सालीं बागेचा सांभाळ म्युनिसिपालिटीकडे आला. संस्थानांची गोष्ट निराळी. बडोद्याची १८७९ ची सयाजीबाग किंवा शाहू महाराजांनीं १९१२ सालीं कोल्हापुरांत कुस्त्यांसाठीं बांधलेलें खासबाग मैदान यांच्यामागें राजाची इच्छा आणि राजाचा खजिना, दोन्ही होतीं.

पण ज्या गांवांत महाराज नाहींत आणि मुंबईचें उत्पन्नही नाहीं, त्यांनीं काय करावें? येथें कायद्याचें एक पान उलटून पाहणें अवश्य आहे. मुंबई इलाख्यासाठीं १९०१ सालीं जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा जो कायदा झाला त्यांत कर्तव्यांचे दोन वर्ग पाडलेले होते. दिवाबत्ती, झाडलोट, गटारें, आग विझविणें, देवी काढणें हीं आवश्यक कर्तव्यें; बागा, उद्यानें, वाचनालयें हीं ऐच्छिक. स्वराज्य आलें, महाराष्ट्र राज्य झालें, १९६५ सालीं नगरपरिषदांचा नवा कायदा आला. तरी ही वांटणी तशीच राहिली. गटार आधीं आणि गुलाब नंतर, हा क्रम चुकीचा आहे असें मी म्हणत नाहीं. मात्र 'ऐच्छिक' या एका शब्दाचा अर्थ अंदाजपत्रकाच्या सभेंत काय होतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास विचारावें. तूट आली कीं कात्री प्रथम जेथें लागते तो ऐच्छिक खर्च. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें बारावें परिशिष्ट जोडलें, त्यांत नगरसंस्थांकडे सोंपवावयाचे अठरा विषय आहेत. बारावा विषय उद्यानें, बागा आणि क्रीडांगणें यांसारख्या सोयींचा. विषय सोंपविला गेला. पैसा त्याच्याबरोबर आपोआप आला नाहीं. म्हणून लहानमोठ्या गांवांस अनुदानाकडे पाहणें भाग पडलें.

आतां अमळनेरकडे वळूं. बागेवांचून या गांवाचा विरंगुळा अडला होता काय? मुळींच नाहीं. वैशाखांत बोरी नदीच्या वाळवंटांत संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीस रथ निघतो, पौर्णिमेस पालखी. पंचक्रोशीचीं माणसें नदीच्या पात्रांत उतरतात. पाऊस नाहीं आणि पाणी नाहीं म्हणूनच तें पात्र मैदान होतें, अशी ही खानदेशी सोय आहे. आखाजीस सासुरवाशिणी माहेरीं येतात आणि कडुनिंबाला झोके बांधतात. त्या झोक्यासाठीं कोणत्याही सरकारकडे कधीं अर्ज गेला नाहीं. लागत होती ती एक जुनी, भक्कम फांदी. गांवें वाढलीं, रस्ते रुंद झाले, घरांचीं अंगणें आंखडलीं, आणि अशी फांदी शोधावी लागूं लागली. आज नगरपरिषदेच्या बागेंत लोखंडी झोका लागतो तो त्या फांदीच्या जागीं लागतो हें आपण विसरतों.

मोठ्या कार्यास येथें शेटसावकारांचा हात असे. गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेट यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. शाळा आणि महाविद्यालय यांच्याशींही त्यांचें नांव जोडलेलें आहे. त्या उदारपणाचें फळ गांव अजून चाखतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सत्त्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरास भरलें तें प्रताप महाविद्यालयाच्याच आवारांत. यात्रेसाठीं नदी आणि संमेलनासाठीं महाविद्यालय: लाखाच्या आसपास वस्तीच्या गांवाचा मोकळ्या जागेचा खरा आधार हा असा आहे. दोन्ही जागा चांगल्या, पण रोज संध्याकाळीं पांच वर्षांच्या मुलास घेऊन जावयाच्या त्या नव्हेत. त्यासाठीं घरापासून हांकेच्या अंतरावर, चार झाडांची कां होईना, एक जागा लागते. उन्हाळ्यांत जेथें पारा पंचेचाळिसांपर्यंत चढतो तेथें सावली ही चैन नव्हे.

अशा जागेसाठीं सरकारी थैल्या पुष्कळ आहेत. जिल्हा नियोजन समितीचा निधि आहे, नगरोत्थानाची योजना आहे, आमदार-खासदारांचे निधि आहेत, क्रीडाखात्याचें क्रीडांगण विकासाचें अनुदान आहे. तालुका क्रीडासंकुलाची मदत २०२२ सालीं एक कोटीवरून पांच कोटींवर नेण्यांत आली. पण बागेच्या नांवें, देशभर, एका सूत्रानें पैसा देण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे २५ जून २०१५ रोजीं सुरू झालेलें केंद्र सरकारचें 'अमृत' अभियान. पन्नास हजार कोटींची ही योजना मुख्यतः नळ आणि मलनिःसारण यांसाठीं होती. परंतु खर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हिरव्या जागा व उद्यानें यांस, त्यांतही मुलांच्या सोयींस, देण्याची तरतूद तींत होती. दहा लाखांपर्यंत वस्तीच्या शहरास निम्मा खर्च केंद्राकडून मिळावयाचा. दरवर्षीं निदान एक बालोद्यान करावें अशीही अपेक्षा होती.

मात्र दाराशीं एक अट उभी होती. शहराची वस्ती, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें, एक लाख भरली पाहिजे. जळगांव आंत गेलें, भुसावळ गेलें, धुळें आणि नंदुरबार गेलें. अमळनेरची वस्ती त्या शिरगणतींत भरली ९५,९९४. म्हणजे ४,००६ माणसें कमी पडलीं!

कोठें तरी रेघ ओढावी लागते, हें मी जाणतों. परीक्षेंत पस्तिसांस उत्तीर्ण तर चौतिसांस काय, हा वाद शाळाखात्यांत जन्मभर ऐकला आहे. पण परीक्षेचा गुण मुलाच्या हातीं तरी असतो. लाखाच्या वरच्या शहरास उत्पन्नाच्या वाटा अधिक, आणि अनुदानही त्यासच. लाखाच्या खालच्या गांवास दोन्हीकडून कमी. मुलांस खेळावयास लागणारी जागा वस्तीच्या आकड्याबरोबर एकाएकी उत्पन्न होत नाहीं. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं पांच वर्षांसाठीं 'अमृत'चा दुसरा टप्पा निघाला आणि त्यांत लहान गांवांसही दार उघडलें, हें चांगलें झालें. त्याचा मुख्य भर मात्र घरोघर नळ देण्यावर होता.

आतां थैलीच्या आंतील गोष्ट. 'अमृत'च्या नियमांत प्रकल्पाबरोबर पांच वर्षांची देखभाल करावी असें सांगितलेलें होतें. पण अनुदान ज्या प्रकल्पखर्चावर मोजावयाचें त्यांत ही देखभाल धरावयाची नाहीं, असेंही त्याच नियमांत होतें. ती फी बसवून किंवा दुसऱ्या उत्पन्नांतून भागवावयाची. म्हणजे कमानीस पैसा आहे, कारंजास आहे, फरसबंदीस आहे; माळ्यास नाहीं. हा दोष एका योजनेचा नव्हे, बहुतेक अनुदानांचा आहे. देणाऱ्यास उद्घाटन करतां येतें. रोज सकाळीं पाणी घालण्याचें उद्घाटन होत नाहीं. एका गांवीं, नांव सांगत नाहीं, मीं अशी बाग पाहिली आहे कीं तिचा फलक तेवढा शाबूत होता. कूपनलिका आटली होती, हिरवळ पहिल्या उन्हाळ्यांतच गेली होती, आणि घसरगुंडीखालच्या खड्ड्यांत पावसाचें पाणी साचत होतें. जळगांवांत भाऊंचें उद्यान जैन उद्योगसमूहाच्या पुढाकारानें चांगलें राखलें गेलें. पण प्रत्येक गांवास असा उद्योग लाभत नाहीं. मग निदान हिरवळीचा हट्ट सोडावा आणि कडुनिंब, करंज, चिंच अशीं झाडें लावावीं. तीन उन्हाळे जपलें तर पुढें तीं आपलीं आपण उभीं राहतात.

या बाबतींत अमेरिकेचा एक कायदा मला फार विचार करण्यासारखा वाटतो. १९६४ सालीं तेथें जमीन आणि पाणी यांच्या रक्षणासाठीं एक निधि निर्माण करण्यांत आला. समुद्रांतून काढलेल्या तेलाचें व वायूचें जें उत्पन्न सरकारास मिळतें त्यांतून हा निधि भरतो, आणि गांवच्या उद्यानास निम्मा खर्च त्यांतून मिळूं शकतो. उरलेला निम्मा गांवानें किंवा घटक राज्यानें उभा करावयाचा. २०२० सालीं त्यास दरवर्षीं नव्वद कोटी डॉलर कायमचे बांधून देण्यांत आले. देखभालीचा पैसा तोही देत नाहीं. त्या बाबतींत तेथील माळी आपल्या माळ्याचाच भाऊ! परंतु त्यांत एक अट आहे. ज्या जागेवर या निधीचा पैसा पडला ती जागा कायम लोकांच्या मोकळ्या विहारासाठींच राहिली पाहिजे. ती दुसऱ्या कामास घ्यावयाची तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि निदान तेवढ्याच किंमतीची दुसरी जागा बागेस द्यावी लागते.

आपल्याकडे याच्या उलट आहे. मुंबई इलाख्यानें १९१५ सालीं नगररचनेचा कायदा केला, आणि १९६६ सालीं महाराष्ट्रानें प्रादेशिक व नगररचनेचा मोठा कायदा केला. त्याप्रमाणें गांवाचा विकास आराखडा होतो. हिरव्या रंगानें बागेचीं आणि क्रीडांगणांचीं आरक्षणें दाखविलीं जातात. नकाशा पाहून मन प्रसन्न होतें. परंतु याच कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें आराखडा अमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यांत घेतली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि ठराविक मुदतींत नगरसंस्थेनें कांहीं हालचाल केली नाहीं तर आरक्षण संपतें. मालकाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवणें अन्यायाचें खरेंच, त्यास मी दोष देत नाहीं. पण लहान नगरपरिषदेपाशीं जमिनीचा मोबदला देण्यास पैसा नसतो, आणि अनुदानें बहुधा हातीं असलेली जागा सजविण्यासाठीं येतात, जागा मिळविण्यासाठीं क्वचितच. परिणामीं कमानीचा पैसा येईपर्यंत कमान उभारावयाची जागाच जाते.

शिरगणति २०२१ सालीं व्हावयाची ती झाली नाहीं. १ मार्च २०२७ ही तारीख धरून ती करण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. तींत अमळनेर लाखापलीकडे जाईल असा माझा अंदाज आहे, आणि मग अमळनेरचें नांव वरच्या वर्गांत लागेल. तोंवर करण्यासारखें एक काम आहे व त्यास अनुदान लागत नाहीं. आपल्या भागांत कोणत्या तुकड्यावर बागेचें किंवा क्रीडांगणाचें आरक्षण आहे, आणि त्याचीं दहा वर्षें कधीं पुरीं होतात, हें नगरपरिषदेंत विकास आराखड्याचा नकाशा मागून पाहतां येतें.