निवडणारांची निवड

कर वाढला तर तो खिशाला कळतो आणि लाठी बसली तर ती पाठीला कळते. परंतु बातमी कोठें गाळली गेली हें ऐकणाराच्या कानाला कळत नाहीं. जें सांगितलेंच नाहीं त्याबद्दल तक्रार तरी कोणीं करावी? म्हणून नभोवाणीची किल्ली सरकारच्या कमरेला असूं नये, ती एखाद्या स्वतंत्र मंडळाकडे असावी, हा विचार लोकशाही देशांत लवकरच रुजला. पण किल्ली मंडळाकडे द्यावयाची असें ठरलें तरी प्रश्न संपत नाहीं. मंडळावर माणसें कोणीं बसवावयाचीं? आणि बसविणारांना तरी कोणीं नेमावयाचें? नभोवाणीच्या स्वातंत्र्याचा इतिहास हा बहुतांशीं या दोन प्रश्नांचा इतिहास आहे.

या प्रश्नांचें पहिलें मोठें उत्तर इंग्लंडनें दिलें. १९२५ सालीं तेथें क्रॉफर्ड समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १ जानेवारी १९२७ रोजीं बी. बी. सी. ही खाजगी कंपनी न राहतां राजाच्या सनदेनें स्थापलेली सार्वजनिक संस्था झाली. कारभारावर देखरेख ठेवण्यासाठीं पांच गव्हर्नर नेमण्यांत आले. हे गव्हर्नर कोणत्याही पक्षाचे वा धंद्याचे प्रतिनिधि नसावेत, स्वतंत्र बुद्धीचे व सारासार पाहणारे असावेत, अशी समितीची अपेक्षा होती. लॉर्ड क्लॅरेंडन हे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या जोडीला पूर्वीच्या कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड गेनफर्ड, बँक ऑफ इंग्लंडमधील सर गॉर्डन नेर्न, विंचेस्टर शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक माँटेग्यू रेंडल आणि मजूर पक्षाचे पुढारी फिलिप स्नोडेन यांच्या पत्नी एथेल स्नोडेन असे चौघे होते. यादी पाहिली तर तिला नांवें ठेवण्याजोगें विशेष कांहीं नाहीं. पण ती केली कोणीं? नेमणूक राजाच्या नांवानें होती. निवड मात्र सरकारचीच होती.

अशा व्यवस्थेंत सारी भिस्त नेमणाराच्या मर्यादाशीलतेवर असते. चाळीस वर्षांनीं, १९६७ सालीं, याचा अनुभव आला. बी. बी. सी. चे डायरेक्टर जनरल सर ह्यू ग्रीन यांच्या कारकीर्दींतील कार्यक्रमांवर पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांची मर्जी नव्हती. त्यांनीं ग्रीन यांना काढलें नाहीं, सनदेंतील एक अक्षरही बदललें नाहीं. अध्यक्षाची जागा रिकामी झाली होती. तेथें त्यांनीं लॉर्ड हिल यांना आणून बसविलें. हे हिल म्हणजे एके काळचे हुजूर पक्षाचे मंत्री आणि त्या वेळीं प्रतिस्पर्धी दूरचित्रवाणी संस्थेचे अध्यक्ष! १९६९ सालीं ग्रीन यांनीं अधिकारपद सोडलें. संस्था कायद्यानें होती तशीच स्वतंत्र राहिली, आणि तरीही सरकारला हवा होता तो बदल झाला. नेमणुकीचा अधिकार ज्याच्या हातीं असतो त्याला हुकूम सोडावा लागत नाहीं, हा यांतला धडा.

आपल्या देशांत तर सुरुवातच निराळी झाली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन झालें. ती कंपनी १९३० सालीं बुडाली आणि नभोवाणी सरकारच्या पदरांत पडली. १९३५ सालीं बी. बी. सी. मधून लायोनेल फील्डन यांना आणण्यांत आलें आणि पुढल्याच वर्षीं 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. माणूस लंडनहून आला. गव्हर्नरांचें मंडळ मात्र आलें नाहीं. स्वराज्य आल्यावरही नभोवाणी हें सरकारी खातेंच राहिलें. १९६४ सालीं नेमलेल्या चंदा समितीनें १९६६ मध्यें स्वायत्त महामंडळांची शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

मग १९७५ चा जून महिना उजाडला. आणीबाणी पुकारली जातांच कांहीं दिवसांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री इंद्रकुमार गुजराल यांना त्या खात्यांतून हलविण्यांत आलें व त्यांच्या जागीं विद्याचरण शुक्ल आले. पुढील एकुणीस महिने श्रोत्यांनीं काय ऐकलें आणि काय ऐकलें नाहीं, हें त्या पिढीला निराळें सांगावयास नको. १९७७ सालीं सत्तांतर झालें तें नभोवाणी मुक्त करण्याच्या वचनासह. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें संपादक बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी १९७८ मध्यें तिचा अहवाल आला.

वर्गीज समितीनें 'आकाश भारती' नांवाचा राष्ट्रीय न्यास सुचविला. न्यासी कोणीं निवडावे याचा तिनें बारकाईनें विचार केला होता. भारताचे सरन्यायाधीश, लोकपाल आणि लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष या तिघांनीं नांवें सुचवावीं. त्यांच्या यादींतूनच पंतप्रधानांनीं शिफारस करावी आणि राष्ट्रपतींनीं नेमणूक करावी, अशी ती योजना होती. न्यासाच्या स्वायत्ततेला संविधानाचा आधार असावा असेंही समितीचें म्हणणें होतें. योजना उदात्त खरी; पण त्या तिघांपैकीं लोकपाल हा अधिकारी त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हता. लोकपालाचा कायदा २०१३ सालीं झाला आणि पहिले लोकपाल २०१९ सालीं अधिकारावर आले. निवडणारा जन्माला येण्याच्या आधींच निवडीची वाट पाहणें आलें असतें! १९७९ च्या मे महिन्यांत सरकारनें बरेंच सौम्य असें 'प्रसार भारती' विधेयक लोकसभेंत आणलें. पण त्याच वर्षीं लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलें.

अकरा वर्षांनीं पुन्हां योग आला. १९९० सालीं संसदेनें प्रसार भारती कायदा संमत केला व १२ सप्टेंबर रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. या कायद्याचें चौथें कलम लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे. अध्यक्ष व बहुतेक सभासद राष्ट्रपतींनीं नेमावे, पण तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून. समितीचे प्रमुख राज्यसभेचे सभापति, म्हणजे उपराष्ट्रपति; दुसरे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष; तिसरे राष्ट्रपतींनीं नियुक्त केलेले एक गृहस्थ. यांतील पहिले संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं निवडलेले. दुसरे वृत्तपत्रसृष्टीशीं संबंध असलेले. आणि तिसरे मात्र, राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालत असल्यामुळें, सरकारच्या सावलींतले. तिघांत एकच सरकारकडचा असावा, हा त्यांतला हिशेब. मूळ कायद्यांत अध्यक्ष व अर्धवेळ सभासदांची मुदत सहा वर्षांची ठेवून दर दोन वर्षांनीं एक तृतीयांश सभासद निवृत्त व्हावे अशी तरतूद होती. कोणत्याही एका सरकारला सारें मंडळ एकदम भरतां येऊं नये हा तिचा हेतु. गैरवर्तनाबद्दल अध्यक्षाला काढावयाचें तर आधीं सर्वोच्च न्यायालयानें चौकशी करावयास हवी, असेंही बंधन घातलें होतें.

कुलूप चांगलें झालें. पण तें लावावयाचें केव्हां हें ठरविण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला गेला. केंद्र सरकार अधिसूचना काढील त्या दिवसापासून कायदा अमलांत येईल, असें त्यांत म्हटलें होतें. ती अधिसूचना सात वर्षें निघाली नाहीं. संसदेनें मंजूर केलेला, राष्ट्रपतींनीं सही केलेला कायदा सात वर्षें कपाटांत निजून राहिला.

त्याला जाग येण्यास एक क्रिकेटचा सामनाही कारण व्हावा हें विलक्षण आहे. १९९३ च्या नोव्हेंबरांत बंगालच्या क्रिकेट संघटनेनें हीरो चषकाचे सामने भरविले व त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शननें हरकत घेतली. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणें प्रक्षेपणाचा मक्ता सरकारचाच, असा सरकारचा दावा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं निकाल लागला. मुख्य निकालपत्र मुंबई उच्च न्यायालयांतून दिल्लीस गेलेले न्यायमूर्ति परशुराम बाबाराम सावंत यांनीं लिहिलें. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचा मक्ता नाहीं, तसाच पैसेवाल्यांचाही नाहीं. समाजांतील सर्व थरांचें व हितसंबंधांचें प्रतिनिधित्व करणारी स्वतंत्र, स्वायत्त अशी सार्वजनिक सत्ता तिचें नियमन करण्यासाठीं सरकारनें तातडीनें स्थापावी, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानुसार नियमन करणारें प्राधिकरण स्थापण्याचें एक विधेयक १९९७ च्या मे महिन्यांत लोकसभेंत आलें; डिसेंबरांत लोकसभा विसर्जित होतांच तें बुडालें. प्रसार भारतीचा कायदा मात्र तोंवर जागा झाला होता.

१५ सप्टेंबर १९९७ रोजीं तो कायदा अमलांत आला. त्या वेळीं पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल; बावीस वर्षांपूर्वीं ज्यांना माहिती खात्यांतून हलविलें गेलें होतें, तेच. आणि कायद्यानें ज्या तिघांकडे निवड सोंपविली होती, त्यांपैकीं प्रेस कौन्सिलच्या अध्यक्षपदावर तेव्हां होते न्यायमूर्ति सावंत. ध्वनिलहरी जनतेच्या, असें ज्यांनीं न्यायासनावरून लिहिलें, त्यांच्याकडेच त्या लहरींचे विश्वस्त निवडण्याचें काम कायद्यानें आणून दिलें. २३ नोव्हेंबर १९९७ रोजीं महामंडळ स्थापन झालें. ज्येष्ठ पत्रकार निखिल चक्रवर्ती हे पहिले अध्यक्ष झाले. सभासदांत इतिहासकार रोमिला थापर, हिंदी कथाकार राजेंद्र यादव, अवकाशशास्त्रज्ञ उडुपी रामचंद्र राव अशीं माणसें होतीं. आणि वीस वर्षांपूर्वीं 'आकाश भारती'चें स्वप्न रेखाटणारे वर्गीजही होते. हें मंडळ पाहून कोणालाही समाधान वाटावें असें होतें.

पण समाधानांत मिठाचा खडा पहिल्याच वर्षीं पडला. मुख्य कार्यकारी सभासद म्हणून माजी सनदी अधिकारी एस. एस. गिल यांची नेमणूक झाली. कायद्यांत या पदासाठीं बासष्ट वर्षांची वयोमर्यादा होती आणि गिल त्यापुढें गेलेले होते. म्हणून ऑक्टोबर १९९७ मध्यें वटहुकूम काढून ती मर्यादा उठविण्यांत आली. १९९८ सालीं नवें सरकार आलें. त्यानें ऑगस्टमध्यें दुसरा वटहुकूम काढून मर्यादा पुन्हां बसविली आणि गिल यांचें पद आपोआप गेलें. सर्वोच्च न्यायालयाची चौकशी नाहीं, गैरवर्तनाचा आरोपही नाहीं. एका सरकारनें एका माणसासाठीं दार रुंद केलें, दुसऱ्यानें त्याच माणसासाठीं तें अरुंद केलें. गिल यांच्या गुणदोषांचा येथें प्रश्न नाहीं. निवडीचे नियम व्यक्तीकडे पाहून बदलूं लागले, म्हणजे निवडणारे कितीही थोर असोत, त्यांची निवड टिकत नाहीं.

याहूनही सूक्ष्म गोष्ट पुढें दिसून आली. रिकामी जागा किती दिवसांत भरावी याची मुदत कायद्यानें घातलेली नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत प्रसार भारतीच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली. ती २०२४ च्या मार्च महिन्यांत भरली. मधलीं चार वर्षें देशाच्या नभोवाणीला व दूरदर्शनला अध्यक्षच नव्हता. तिघांची निवड समिती कायद्यांत जशीच्या तशी होती. कोणाला वाईट माणूस निवडल्याचा दोष देतां येईना, कारण निवडच झालेली नव्हती. न निवडणें हीही एक निवडच असते, आणि तिच्यावर कोणाची सही नसते.

या बाबतींत दक्षिण आफ्रिकेचें उदाहरण बोधप्रद आहे. १९९३ सालीं वर्णद्वेषी राजवट अस्ताला जात असतां तेथें प्रक्षेपणाचें नियमन करणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. सभासदांचीं नांवें जनतेला सुचवितां यावीं, निवडीचें काम उघडपणें चालावें आणि निवडक उमेदवारांची यादी आधीं प्रसिद्ध व्हावी, असे तीन नियम त्यांत घातले होते. पक्षाचे पदाधिकारी व प्रक्षेपणाच्या धंद्यांत पैसा गुंतविलेले लोक वर्ज्य होते. त्याच वर्षीं तेथील राष्ट्रीय नभोवाणीच्या संचालक मंडळासाठीं उमेदवारांच्या मुलाखती न्यायाधीशांचा समावेश असलेल्या मंडळानें जाहीरपणें घेतल्या. राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनीं शिफारस झालेल्यांपैकीं कांहीं नांवें नाकारलीं. म्हणजे सत्तेचा हात तेथेंही पोंचला. परंतु निवड उघड्यावर झाली असल्यामुळें नाकारणेंही उघड्यावर आलें, आणि त्याचा जाब विचारतां आला. आपल्याकडे तिघांच्या समितीपुढें कोणकोणतीं नांवें आलीं आणि कोणतीं गळालीं, हें प्रसिद्ध करण्याचें बंधन कायद्यांत नाहीं.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. थोर माणसें मिळत नाहींत म्हणून नभोवाणी परतंत्र राहते असें नाहीं. इंग्लंडला १९२७ सालीं तीं मिळालीं आणि आपल्याला १९९७ सालीं मिळालीं. निवडणारे एकाच सत्तेच्या पंक्तींतले नसावेत, हें आपल्या कायदेकारांनीं ओळखलें व तशी व्यवस्था केली. त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. दोन गोष्टी राहून गेल्या. एक, निवडीचें दार उघडें असणें. दुसरी, निवडीला मुदत असणें. या दोहोंना पैसा लागत नाहीं, नवें खातें लागत नाहीं. कायद्यांत दोन ओळी घालाव्या लागतात, आणि त्या घालावयास लावणारे श्रोते लागतात.