पालवणकर, बाळू

पालवणकर, बाळू : (सु. १८७६–१९५५). भारतातील आद्य क्रिकेटपटूंपैकी एक श्रेष्ठ डावखुरे मंदगती गोलंदाज. क्रिकेटच्या मैदानावरील मजुरीतून ज्यांचे कौशल्य घडले, अशा पहिल्या पिढीतील भारतीय खेळाडूंमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म धारवाड येथे, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला. कोकणातील पालवण ह्या गावावरून कुटुंबाचे आडनाव पडले. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. विठ्ठल व गणपत हे आणखी दोन बंधूही पुढे नामांकित खेळाडू झाले.

तत्कालीन इंग्लंडमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते. हौसेखातर खेळणारे ते प्रतिष्ठित ‘हौशी’ आणि मोबदला घेऊन खेळणारे ते ‘व्यावसायिक’. गोलंदाजीचे कष्ट बहुधा दुसऱ्या वर्गाकडे व कप्तानपद पहिल्याकडे, असा तेथील शिरस्ता होता. भारतातील युरोपीय क्लबांनी हीच पद्धत आणली. मात्र येथे तिला जातिभेदाची जोड मिळाली. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडण्याची व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याची होती. वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. जे. जी. ग्रेग ह्या नामवंत फलंदाजाला ते तासन्‌तास चेंडू टाकीत. ग्रेग आपण बाद झालो की बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ह्या अखंड श्रमातून त्यांच्या चेंडूफेकीला अचूकपणा व वैविध्य लाभले. फलंदाजीची संधी मात्र त्यांना क्लबात कधीच दिली गेली नाही. कारण फलंदाजी हा साहेबांचा मान समजला जाई.

युरोपीयांना हरवू पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू संघाने, सदस्यांतील मतभेदानंतर, बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वजण त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळी इतरांना चिनी मातीच्या पेल्यांतून व त्यांना बाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. त्यांचे जेवणाचे पानही वेगळे असे. सातारा येथील युरोपीय जिमखान्याविरुद्ध सात बळी घेऊन त्यांनी संघाला विजय मिळवून दिला, तेव्हा न्या. महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्यासह खेळतो, त्याच्यासह पंक्तीला बसण्यास अडचण कोणती, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा उरला नाही.

१८९६ मध्ये पुण्यातील प्लेगमुळे हे कुटुंब मुंबईस आले. तेथे बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीयांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या २४२ व १६० धावांपुढे युरोपीयांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. बाळूंनी एकूण आठ बळी घेतले. ह्या विजयाची चर्चा क्रीडाक्षेत्रापुरती राहिली नाही. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी तिच्यात जातिनिर्बंध सैल होत असल्याचे चिन्ह पाहिले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य ठरली. परंतु बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील असून त्यांची सरासरी २०·१२ धावांची होती. लेस्टरशर संघावरील विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. इंग्लंडचे प्रसिद्ध व्यावसायिक गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होऊ लागली. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते.

एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच देण्यात आले नाही. हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता, असे खुद्द कप्तान म. दा. पै यांनीच जाहीरपणे म्हटले होते. १९२० च्या चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना वगळण्यात आले व पै आजारी असल्याने दि. ब. देवधर यांना कप्तान नेमले गेले. आपल्या ज्येष्ठतेची उपेक्षा जातीमुळे झाली, असे निवेदन करून शिवराम व विठ्ठल संघाबाहेर पडले. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. अखेर तडजोड होऊन तिघेही खेळले. बाळूंना उपकप्तान करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल हे हिंदू संघाचे कप्तान झाले व संघाने स्पर्धा जिंकली. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात व्यावसायिक खेळाडूकडे राष्ट्रीय संघाचे नियमित कप्तानपद येण्यास १९५२ हे वर्ष उजाडावे लागले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५·२१ धावांच्या सरासरीने १७९ बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा त्यांचे वय सु. ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सु. दोन हजार मतांनी पराभूत झाले. ज्या तरुणाने त्यांचे मानपत्र लिहिले होते, त्याच्याशीच हा सामना झाला. अस्पृश्यांची उन्नती हिंदू समाजात राहून साधावी की स्वतंत्र राजकीय बळावर, ह्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले होते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

खेळपट्टीवर रूळ फिरविणाऱ्याने तिच्यावर प्रभुत्व मिळविले, तरी संघाचे नेतृत्व त्याला दोन दशकांत लाभले नाही. भारतीय क्रिकेटमध्ये गुणवत्ता आणि प्रतिष्ठा यांच्यातील अंतर किती होते, ते बाळूंच्या चरित्रावरून कळते. आणि त्यांच्या बंधूंनी घेतलेल्या भूमिकेमुळे ते अंतर प्रथमच उघडपणे आव्हानिले गेले.