पावसाळ्यात मुलांची वाळू कशी सांभाळायची? नांदेड-लातूरच्या काळ्या मातीत खड्डा का चालत नाही?

घराचं बांधकाम संपतं, गवंडी निघून जातात आणि फाटकाजवळ अर्धा ब्रास वाळू उरते. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांची वाळूशी ओळख अशीच होते. पायावर ओली वाळू थापायची, पाय हळूच काढून घ्यायचा, घर तयार. मग जून येतो. ढीग पसरतो, निम्मा नालीत वाहून जातो, उरलेल्यावर कुत्रं बसतं. ऑगस्टपर्यंत वाळूला कुबट वास येऊ लागतो आणि घरातून आवाज येतो, 'तिकडं जाऊ नको, विंचू असतो.' ही भीती काही खोटी नाही.

हल्ली बरेच पालक व्हिडिओ बघून अंगणात मुलांसाठी वाळूची खास जागा करतात. बहुतेक व्हिडिओंमध्ये कृती एकच असते: फूट-दीड फूट खड्डा खणा, तळाशी खडी टाका, वर वाळू भरा. ज्या भागात जमीन मुरमाड किंवा रेताड आहे तिथं हे चालतं. नांदेड-लातूरच्या काळ्या रानात मात्र हा खड्डा पहिल्याच पावसाळ्यात हौद होतो.

एवढा आटापिटा कशाला?

वाळूत खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असं आपल्याकडे कधीच मानलं जात नव्हतं. पाटी-पेन्सिल येण्याआधी मुलं धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवत. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथूनच आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूच वापरायच्या, असा त्यांचा आग्रह होता. तिकडे अमेरिकेत बॉस्टनमध्ये १८८५ च्या सुमारास गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले आणि तिथल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात त्यातूनच झाली, असं मानतात.

काळी माती नेमकं काय करते?

लातूरला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला ९०० च्या आसपास. रत्नागिरीत याच्या तिपटीहून जास्त पडतो. तरी कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी भराभर खाली उतरतं आणि आपल्याकडे साचून राहतं. फरक पावसात नाही, मातीत आहे.

काळ्या मातीत चिकणमातीचे कण फार असतात. हे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून धो-धो आत जातो. तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, आपला खड्डा मस्त झिरपतोय. दोन-तीन आठवड्यांत माती फुगते, भेगा मिटतात आणि खाली जायची वाट जवळपास बंद होते. आता खड्ड्याच्या तळाशी टाकलेली खडी काहीच कामाची नाही. पाणी खडीत उतरतं आणि तिथंच थांबतं. जूनमध्ये चांगला वाटलेला खड्डा जुलैच्या शेवटी नासतो, याचं कारण हे आहे. त्यात वाळूचा दोष नसतो.

शेतकऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी पद्धत सुचवतं. पीक उंचावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर. मुलांच्या वाळूलाही हाच नियम लावायचा: खाली खणायचं नाही, वर उचलायचं.

खड्ड्याऐवजी ओटा

अंगणातली थोडी उंच जागा निवडा. पन्हाळीचं किंवा पत्र्याचं पाणी तिथं पडत नाही ना, एवढं बघा. गवत काढा, पण माती उकरू नका. त्यावर सहा इंच मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घ्या आणि त्याला एका बाजूला हलका उतार द्या. मुरमाचा हा थर ओट्याच्या चारही बाजूंना फूटभर बाहेर यायला हवा. काळी माती फुगली-आकसली की तिच्यावर थेट रचलेल्या विटांना तडे जातात. घराच्या पायात काळी माती काढून मुरूम भरतात, तेही याचसाठी.

मुरमावर विटांची दीड फुटाची कड. आत तीन इंच खडी, तिच्यावर शेडनेटचे दोन पदर आणि मग नऊ इंच वाळू. शेडनेटमुळे वाळू खडीत उतरत नाही, पाणी मात्र उतरतं. जुन्या खताच्या पोत्यांनी काम भागेल असं वाटतं, पण ती एका वर्षात फाटतात आणि त्यांचे धागे वाळूत येतात. खडीच्या पातळीवर कडेमध्ये दर दोन फुटांवर इंचभर पाईपचा तुकडा बसवा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. जास्तीचं पाणी इथूनच जाणार आहे. ही तोंडं बुजली तर तुम्ही पुन्हा हौदच बांधला, फक्त जमिनीच्या वर.

५ फूट लांब आणि ४ फूट रुंद ओट्याला साधारण १५ घनफूट वाळू लागते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे हे पाव ब्रासपेक्षाही कमी झालं. वजन मात्र साडेसहाशे-सातशे किलो भरतं. म्हणून असा ओटा गच्चीवर करायचा विचार सोडून द्या. स्लॅबवर भार येतो आणि वाळू वाहून गच्चीचं पाणी जायचं तोंड बंद करते.

वाळू कोणती?

गोदावरीची असो की मांजरेची, नदीची धुतलेली, थोडी जाडसर वाळू चांगली. क्रश सँड मुलांसाठी नको. तिचे कण टोकदार असतात, कोरडी असताना तिची बारीक धूळ नाकातोंडात जाते आणि ओली झाली की ती घट्ट बसते.

वाळूत गाळ किती आहे, हे घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन-चार तास ठेवून द्या. वाळू खाली बसते, गाळाचा थर तिच्यावर दिसतो. हा थर वाळूच्या एक दशांशाएवढा असेल तर वाळू धुऊनच वापरा. हाच गाळ पुढे पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद असतो, त्यामुळे वाळू मे महिन्यातच आणून ठेवलेली बरी.

झाकायचं, पण दम कोंडू द्यायचा नाही

सगळ्यात जास्त चूक इथं होते. लोक ताडपत्री थेट वाळूवर अंथरतात आणि चारही कडांना विटा ठेवतात. खाली ऊब, ओल आणि अंधार. बुरशीला आणि विंचवाला आणखी काय हवं? वर ताडपत्रीला झोळ पडतो आणि त्यात पाणी साचतं. त्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डास तयार होतात. शिवाय रांगणाऱ्या मुलाला बुडायला काही इंच पाणीही पुरतं.

त्यापेक्षा दोन वेगळी झाकणं ठेवा. एक लाकडी किंवा पाईपच्या चौकटीवर ताणलेली जाळी. खेळ संपला की ही रोज लावायची, ती मांजर-कुत्र्यासाठी. दुसरी ताडपत्री, मधे बांबू घालून घराच्या छपरासारखी दोन्ही बाजूंना उतरती. ती फक्त पावसासाठी. कडेला वितभर मोकळी जागा राहू द्या, वारा खेळला पाहिजे.

वाळू पूर्ण कोरडी ठेवायची गरज नाही. थोड्या पाण्यानं कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून तर घरं होतात. मूठभर वाळू घट्ट दाबून बघा. लाडू झाला आणि हाताला पाणी सुटलं नाही, तर मुलांना सोडा. पाणी गळलं तर थांबा.

उघडीप मिळाली की

ऊन पडलं की दोन्ही झाकणं काढा आणि फावड्यानं वाळू तळापर्यंत खालीवर करा. आठवड्यातून एकदा हे पुरतं. कुठं काळपट पट्टा दिसला, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथं हवा पोचत नाही आणि काहीतरी कुजतंय. तेवढी वाळू काढून टाका आणि पाईपची तोंडं तपासा.

ब्लिचिंग पावडर आणि फिनेल वाळूत टाकू नका. जंतांची अंडी त्यानं सहसा मरत नाहीत, मुलांच्या हाताला आणि डोळ्यांना मात्र त्रास होतो. कडुलिंबाचा पाला टाकायचा सल्लाही फिरत असतो. ओल्या वाळूत तो पाला कुजतो, एवढंच होतं.

मांजर, कुत्रं आणि जंत

मांजर विष्ठा पुरायला भुसभुशीत जागा शोधतं. कुत्र्या-मांजरांच्या जंतांची अंडी विष्ठेतून वाळूत येतात. यातल्या हुकवर्मच्या अळ्यांना ऊबदार, ओली वाळू फार मानवते. आठवड्या-दीड आठवड्यात त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरण्याइतक्या वाढतात आणि कातडीवर लाल, नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर मलमं लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

विष्ठा दिसली की त्याच दिवशी आजूबाजूच्या वाळूसकट उचला. बहुतेक अंडी ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला काही दिवस लागतात. तुमच्या हातात असलेला वेळ तेवढाच. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी जंताची गोळी माणसाच्या पोटातल्या जंतांसाठी असते. ती दिली म्हणून वाळू उघडी ठेवायला मोकळीक मिळत नाही. खेळून आल्यावर साबणानं हात-पाय धुणं आणि नखं कापलेली असणं हवंच.

विंचू

विटांच्या फटी, ताडपत्रीची घडी, रात्रभर बाहेर राहिलेली खेळणी या त्याच्या जागा. कडेच्या फटी सिमेंटनं बुजवा, खेळणी रोज घरात न्या. मुलं उतरण्याआधी मोठ्या माणसानं फावड्यानं वाळू एकदा हलवावी, हातानं नाही.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं हे दाखवलं आणि त्यामुळे असंख्य मुलं वाचली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला हवं. मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यातलं काही दिसायची वाट बघू नका. दोरी आवळणं, चिरा देणं, मंत्र, यातलं काही करू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था.

पुराचं पाणी शिरलं तर?

ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक भागांनी पूर पाहिला. नालीचं किंवा पुराचं पाणी वाळूवरून गेलं असेल, तर ती धुऊन वाचवायच्या फंदात पडू नका. सगळी काढा, बांधकामाला द्या, नवी भरा.

झड लागली तर

चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ओट्याकडं जायचंच नाही. चाळलेली दोन घमेली वाळू मे महिन्यातच उन्हात तापवून डब्यात भरून ठेवा. झड लागली की घमेलं ओसरीत किंवा पोर्चमध्ये आणा, खाली जुनी चादर अंथरा, तांब्याभर पाणी शिंपडा आणि दोन वाट्या, एक चमचा द्या. दोन मुलं असतील तर घमेली दोन लागतील, यावर मात्र काही उपाय नाही.